मीडिओकर: अर्ध्या चढावरचा शब्द

तैवानमधल्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: मुलं ‘माय इंग्लिश इज मीडिओकर’ असं सर्रास म्हणतात, ते खटकतं, पण का ते सांगता येत नाही.

दोष कोशांचा आहे. बऱ्याच इंग्रजी-चिनी कोशांत या शब्दापुढे ‘झोंगदेंग’ असं छापलेलं असतं, म्हणजे मधल्या प्रतीचा. साफ दिशाभूल! मधल्या प्रतीला ‘अ‍ॅव्हरेज’ आहे की. मीडिओकरमध्ये नाराजी असते. मराठीत ‘सुमार’ म्हणताना असते तीच. आपल्याकडेही ‘मीडिओकर साइजचा फ्रिज’ ऐकून माझे कान किटले आहेत.

चिनीत नेमका शब्द ‘पिंगयोंग’. पिंग म्हणजे सपाट, जिनपिंगमधला तोच. लॅटिन माणसाला मात्र डोंगर दिसला. मेडिउस म्हणजे मधला, ओक्रिस म्हणजे खडकाळ डोंगर; मेडिओक्रिस म्हणजे अर्धाच चढलेला. ओक्रिसच्या मुळाशी टोक, धार हा अर्थ आहे आणि त्याचं संस्कृत भावंड म्हणजे ‘अश्रि’, कड किंवा कोपरा. ऋग्वेदात ‘चतुरश्रि’ आहे, पुढे ‘चतुरस्र’ झालं आणि त्याचंच आपलं ‘चौरस’. म्हणजे सत्काराच्या भाषणातलं ‘चतुरस्र व्यक्तिमत्त्व’ आणि हा मीडिओकर चुलतभाऊ निघाले! हा डोंगर ओढूनताणून आणलाय म्हणणाऱ्यांनी प्राचीन रोमन कोशकार फेस्टसचा लॅटिन कोश उघडावा. जुने लोक खडबडीत डोंगराला ओक्रिस म्हणत, असं त्यात चक्क लिहिलं आहे. इटलीतल्या ओत्रिकोली गावाचं जुनं नाव ओक्रिक्युलुम, तेही यातलंच.

आणि पिंगयोंगमधला ‘योंग’? कन्फ्यूशिअसने ज्याला सर्वोच्च सद्गुण म्हटलं, त्या ‘झोंगयोंग’मधला, म्हणजे मध्यममार्गातला. तिकडे रोमन कवी होरेसनेही ‘मेडिओक्रितास’ला सोनेरी म्हटलं होतं. मध्यावर राहणं दोन्हीकडे भूषण होतं, पुढे दोन्ही शब्दांची पत गेली. आपला ‘सुमार’ तरी वेगळा कुठे? फारसीत तो नुसती मोजदाद. ‘बेसुमार’मध्ये ती अजून शाबूत आहे.

तर ताई, मुलांना स्वतःबद्दल नम्रपणे बोलायचं असतं. त्यासाठी त्यांच्याकडे ‘मामाहूहू’ आहे, शब्दशः घोडा-घोडा वाघ-वाघ. त्याला इंग्रजीत ‘सो-सो’ शिकवा. तिकिटाचे पैसे वाया गेलेल्या सिनेमाबद्दल बोलतील, तेव्हा मीडिओकर म्हणू द्या.