टीव्हीची जागा स्मार्टफोनने घेतली का? मग केबल बंद करावं का?

तुमच्या साताऱ्यातल्या घरात चार फोन आहेत, टीव्ही दिवसभर बंद असतो, तेव्हा मुख्य माध्यम आता स्मार्टफोनच झालं ना आणि केबलवाल्याला दरमहा पैसे कशाला द्यायचे, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो'. दुसऱ्यात 'केबलवाल्याला' या शब्दावर जो जोर दिलाय, त्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण सांगली जिल्ह्यात या वायरी ओढायचंच काम मी करतो.

कुठलं माध्यम वरचढ हे ओळखायची आमच्या धंद्यातली पद्धत सोपी आहे. लाइन तुटली की आधी कशाची तक्रार येते ते बघायचं. हल्ली बऱ्याच गावांत टीव्ही आणि इंटरनेट एकाच फायबरमधून येतात. टीव्हीचा प्रकाश 1550 नॅनोमीटरवर, नेटचा 1490 वर, घरातून परत जाणारा 1310 वर. तार तुटली की दोन्ही एकदमच जातात. तरी पहिला फोन 'वायफाय गेलंय' असाच असतो. टीव्हीची तक्रार येते ती संध्याकाळी सात ते दहा, मालिकांच्या वेळेत, नाहीतर मॅच असेल तर. दुपारी तासन् तास चॅनेल बंद राहिले तरी कुणाला पत्ता नसतो. आणखी काय पुरावा हवा?

यात मार खाल्ला तो चॅनेलच्या वेळापत्रकाने. भिंतीवरचा टीव्ही शाबूत आहे, उलट 32 इंचाचा 43 इंची झालाय आणि त्याच्यावर यूट्यूब चालतंय. आता हा टीव्ही म्हणायचा की मोठा फोन? टीआरपी मोजणारी यंत्रणा निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर लावते. सून बसमध्ये तीच मालिका ॲपवर बघते, ते त्या मीटरला दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजूचे लोक आपापले आकडे नाचवतात आणि दोघेही अर्धंच मोजत असतात. छत्रीवाल्या (डीटीएच) कंपन्यांचे पैसे भरणारे ग्राहक 2021 ला सात कोटींच्या आसपास होते, 2024 संपेपर्यंत सहा कोटींच्या खाली आले, एवढं मात्र ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, आकड्यांत सरळ दिसतं.

आता मुद्द्याचं. लोक केबल सोडतात ते फोनच्या प्रेमात पडून, असं सरसकट सांगितलं जातं. बरेच जण सोडतात ते चित्रात चौकोन पडतात म्हणून. आणि चौकोन का पडतात हे कुणी विचारत नाही, थेट 'तुमचा बॉक्सच भंगार' म्हणून मोकळे होतात. फायबर टीव्हीच्या मागे खिळ्याला गुंडाळलेलं असतं, कपाट सरकवताना दबलेलं असतं. जेवढी लांब तरंगलांबी तेवढा वाकलेल्या जागी प्रकाश जास्त बाहेर पडतो, म्हणजे 1550 ला आधी फटका. शिवाय टीव्हीच्या नोडला, म्हणजे प्रकाशाचा टीव्ही सिग्नल करणाऱ्या डबीला, नेटपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागतो. त्यामुळे टीव्ही फाटतो आणि नेट व्यवस्थित चालतं. ग्राहक म्हणतो, नेट चालतंय म्हणजे लाइन बरोबर आहे. नाही, लाइनच खराब आहे. तार सरळ करा, वळण बांगडीपेक्षा लहान होऊ देऊ नका, निम्म्या वेळी चित्र तिथंच येतं.

नेटच्या प्रकाशाचा हिशेबही साधा आहे. आमच्या ऑफिसातून साधारण अधिक 4 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; वाटेतली घट डीबीत मोजतात) प्रकाश निघतो. वाटेत एकाचे आठ करणारा स्प्लिटर साडेदहा डीबी खातो, असे दोन लागले की 21 गेले. तार आणि जोड मिळून दीड-दोन. घरी पोचतात उणे 19. उणे 18 ते 22 मध्ये असेल तर नेट निवांत चालतं, उणे 27 च्या पलीकडे गेलं की राउटरवर 'लॉस'चा लाल दिवा लागतो. घरी आलेल्या माणसाला पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. तो नुसताच बॉक्स बंद-चालू करत बसला, तर त्याच्याकडे मीटरच नाही असं समजा.

आमच्याकडचा दुसरा शत्रू म्हणजे गळीत हंगाम. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या वरपर्यंत भरलेल्या जातात आणि रस्ता ओलांडणारी झोळ पडलेली वायर उसाच्या वाड्यात, म्हणजे शेंड्यांत, अडकते. तार 18-20 फुटांवर हवी, पण खांब वाकला की ती 14 वर येते. सरळ तुटली तर बरं. दोन्ही टोकं सोला, अल्कोहोलने पुसा, काटकोनात कापा, मशिनवर जोडा. चांगल्या जोडात 0.05 डीबीपेक्षा कमी जातं. खरा त्रास ताणलेल्या तारेचा. तुटलेली जागा चौकात दिसते आणि आतली काच दोनशे मीटर लांब खांबाजवळ तडकलेली असते. ओटीडीआर, म्हणजे तारेत प्रकाश सोडून बिघाड किती मीटरवर आहे ते सांगणारं यंत्र, लावल्याशिवाय ती सापडत नाही. चौकातला जोड मारून घाईने निघून गेलं, तर जूनमध्ये पाणी शिरतं आणि त्याच गल्लीतून पुन्हा फोन. मग लोक म्हणणार, 'केबलचा जमाना गेला.' जमाना कुठं गेला, जोड नीट मारला नाही.

पैशांचंही बोलू, कारण दारात उभं राहून 'तुम्ही लोक लुटता' हे ऐकून कान किटलेत. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायने दर ठरवला: 100 चॅनेलचे 130 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 153.40. 2020 ला तेवढ्याच पैशात 200 चॅनेल झाले. वेगळा करार नसेल तर या 130 मधले 45 टक्के, म्हणजे 58.50 रुपये गल्लीतल्या ऑपरेटरचे. त्यातून माणसं, पेट्रोल, खांबाचं भाडं, ट्रॉलीने तोडलेली तार. सशुल्क चॅनेलचा मोठा वाटा चॅनेलवाल्यांकडे जातो. 2024 पासून 130 ची मर्यादा उठली आहे, तेव्हा आजचा दर आपल्या पावतीवरच बघा. आता तुमच्या चार फोनचा हिशेब करा. रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा रिचार्ज तीनशेच्या आसपास धरला तर चौघांचे बाराशे, आणि 28 दिवसांमुळे वर्षात बाराऐवजी तेरा वेळा. घरातलं सगळ्यात महागडं माध्यम कुठलं ते तुम्हीच ठरवा. त्या रिचार्जवर कुणी भांडत नाही, कारण दारात येऊन पैसे मागणारा माणूस तिथं नसतो.

फोन खरोखर पुढं आहे तो पुरात. ऑगस्ट 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45. पाणी ट्रान्सफॉर्मरपर्यंत आलं की महावितरण वीज तोडतं, तोडावीच लागते. त्याबरोबर टीव्ही, बॉक्स, राउटर सगळं गप. हातात उरतो फोन, तोही चार्जिंग असेपर्यंत, आणि टॉवरची बॅटरी काही तासांची, पुढं डिझेलवर. अशा वेळी मुंबईच्या स्टुडिओतली बातमी सांगलीकराच्या काय कामाची? त्याला कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विनला किती फूट झालं एवढंच हवं असतं. तोट्याची बाजू अशी की मागच्या पुराचा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरतो. तारीख, वेळ आणि फुटांचा आकडा नसलेला व्हिडिओ पुढे ढकलू नये.

एरवीच्या भारनियमनासाठी राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, तीन-चार तास निघतात. फायबरला वाटेत कुठंच वीज लागत नाही, ऑफिसात बॅटरी असली की पुरे. जुन्या तांब्याच्या केबलला खांबाखांबावर ॲम्प्लिफायर होते, एका गल्लीची वीज गेली की पुढच्या सगळ्या गल्ल्या बंद. ते दिवस परत येऊ नयेत.

आणि 'फोनने समाज बिघडवला, टीव्ही बरा होता' म्हणणाऱ्यांनी कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव बघावं. तिथं 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत मोबाइल आणि टीव्ही दोन्ही बंद ठेवायचं गावाने ठरवलं. दोन्ही, हे महत्त्वाचं. गावाने त्यांत डावं-उजवं केलं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, घरात आजी-आजोबा असतील आणि सातला मालिका लागत असेल तर केबल ठेवा, फक्त न बघितलेले सशुल्क पॅक काढून टाका. कुणीच चॅनेल बघत नसेल तर खुशाल बंद करा, पण मग टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटवर चालवू नका. मोठा पडदा बघून ॲप आपोआप क्वालिटी वाढवतं आणि दीड जीबी तासाभरात संपतो. चालवायचाच असेल तर क्वालिटी 480 वर ठेवा, तासाला अर्धा ते पाऊण जीबी जातो. वायफाय घेतलं आणि घर जुना दगडी वाडा असेल, तर 5 गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे पोचत नाही, टीव्हीला सरळ लॅन केबल जोडा. मॅच मात्र केबलवरच बघा. ॲपवर ती वीस ते चाळीस सेकंद मागे असते, विकेट पडलेली शेजारच्या आरडाओरड्यातून आधी कळते.

हे सगळं फायबर पोचलेल्या गावांचं झालं, हेही सांगायला हवं. जतच्या पूर्वेला किंवा माणच्या वाड्यावस्त्यांवर जिथं लाइन नाही आणि फोनला एकच काडी रेंज आहे, तिथं डीडी फ्री डिशची छत्री लावा, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री मिळतं. जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. सातारा-सांगलीतून दिशा आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण 130 अंश, आणि उंची 60 अंश. ऑफसेट छत्री दिसायला त्यापेक्षा बरीच उभी दिसते, त्याला फसू नका. समोर नारळ किंवा शेजाऱ्याचा नवा मजला नको. एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरची डबी) 9750-10600 ची, सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सी 11090, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट 29500 टाका आणि क्वालिटीचा आकडा बघत छत्री केसभर केसभर हलवा. स्ट्रेंग्थचा आकडा नुसती वायर जोडली तरी दिसतो, त्याच्यावर जाऊ नका. नट शेवटी घट्ट करताना दिशा हटते, तेव्हा आवळल्यावर पुन्हा क्वालिटी बघा. वायर एफ कनेक्टरच्या आधी खाली झुकवून लावा म्हणजे पाणी आत जात नाही. जोराच्या सरीत चित्र थोडा वेळ जाणारच. त्या वेळी वर चढून छत्री फिरवू नका, सर ओसरली की आपोआप येतं.