झाडात पंप नसताना पाणी शेंड्यापर्यंत चढतं कसं, आणि भरपूर पाणी देऊनही डाळिंब दुपारी मान का टाकतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मुळाशी घातलेलं पाणी शेंड्याला कसं पोचतं, आणि सोलापुरात घरामागच्या डाळिंबांना सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही ती दुपारी का सुकतात. मी सांगोला तालुक्यात डाळिंब करतो, त्यामुळे दुसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. पण त्याचं उत्तर पहिल्यातच दडलेलं आहे.

झाड पाणी खालून वर ढकलत नाही. ते पानांतून वर ओढलं जातं.

पानावर बारीक छिद्रं असतात, ती पर्णरंध्रं. अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यावा लागतो, म्हणून झाड ती उघडतं. उघडली की आतली ओल वाफ होऊन बाहेर जाते. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच हवेत जातं, वाढीला फार थोडं लागतं. पानातलं पाणी उडालं की त्याच्या मागचं पाणी त्या जागी ओढलं जातं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ही ओढ पानाच्या शिरांतून फांदीत, खोडात आणि शेवटी मुळापर्यंत उतरते. आडातून दोर ओढावा तसं अख्खं पाणी सलग वर येतं.

इथे शेतकऱ्याला शंका येणारच. विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप १० मीटरपेक्षा खोलातून पाणी ओढू शकत नाही, मग ३० मीटरचं झाड कसं ओढतं? पंप फक्त नळीतली हवा काढतो, पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब, आणि त्या दाबाची ताकद तेवढीच. झाडाच्या जलवाहिन्या अतिशय बारीक असतात. त्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि पाणी भिंतींनाही चिकटून असतं, म्हणून पाण्याचा तो धागा सहसा तुटत नाही. ही कल्पना १८९४ मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी मांडली, आणि आजही तीच मानली जाते. त्याच्या थोडं आधी जर्मनीत एडुआर्ट स्ट्रासबर्गर यांनी कापलेली झाडं विषारी द्रावणात उभी करून पाहिली होती. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिलं. म्हणजे खोडात कुठला जिवंत पंप नाही.

मुळं थोडं ढकलतात, हेही खरं. सकाळी ज्वारीच्या पानांच्या टोकाला थेंब दिसतात, त्यांतले बरेच दव नसतात. रात्री पर्णरंध्रं मिटलेली असताना मुळांच्या दाबाने पाणी पानाच्या कडेतून बाहेर येतं. पण या दाबावर उंच झाडाला भर दुपारी पाणी पुरत नाही.

आता तुमची डाळिंबं. मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी असते. पानातून पाणी ज्या वेगाने उडतं, त्या वेगाने मुळं ते देऊ शकत नाहीत. पेशींतला फुगीरपणा जातो आणि पान लोंबतं. झाड पर्णरंध्रं मिटून खर्च आवरतं आणि संध्याकाळी सावरतं. संध्याकाळी पानं ताठ झाली, तर काळजी करू नका, आणि कृपा करून दुपारी पाण्याचा पाइप घेऊन धावू नका.

जास्त पाण्यानेही झाड सुकतं, हे मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण लोक इथेच झाड घालवतात. पाणी आत घेण्याचं काम पांढरी मुळी करते, तिच्या टोकाजवळच्या केसासारख्या रोमांतून. ती जिवंत आहे, तिला हवा लागते. काळ्या, चिकण जमिनीत सतत पाणी साचलं की मुळीला ऑक्सिजन मिळत नाही, तिचा पाणी आत घेण्याचा वेग पडतो, मग ती कुजते. पायाशी चिखल आणि वर कोमेजलेली पानं, असं चित्र त्यातून तयार होतं. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण हवा खेळती अशी स्थिती, आल्याशिवाय पुढचं पाणी देऊ नये. चार बोटं माती उकरा. मुठीत दाबून गोळा झाला आणि बोटाने सहज फुटला, तर वाफसा आहे.

तुमचं पाणी बोअरचं असेल, तर मातीवर पांढरा थर येतो का तेही बघा. क्षार वाढले की मातीतलं पाणी मुळीला घेणं अवघड होतं. माती ओली असूनही झाड तहानलेलं राहतं. निचरा सुधारणं आणि अधूनमधून गोडं पाणी भरपूर देऊन क्षार खाली धुऊन काढणं, हा त्यावरचा उपाय.

पण सकाळीही झाड सुकलेलंच असेल आणि एकेक फांदी पिवळी पडत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. डाळिंबाच्या मर रोगात बुरशी जलवाहिन्याच बंद करते. अशा फांदीचा किंवा खोडाचा आडवा काप घ्या. आतलं लाकूड तपकिरी-करडं पडलं असेल, तर पाणी वाढवून काही होणार नाही. तो तुकडा घेऊन केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जा, आणि कापायला वापरलेली कात्री निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.