चंद्राचा अभ्यास करायचाय, ॲडमिशन कुठे घेऊ?

ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहते, बारावी सायन्सला आहे, मॅथ्स-बायो दोन्ही घेतलंय. चांद्रयान-3 उतरलं तेव्हा मी दहावीत होते, क्लासमध्ये सरांनी शिकवणं थांबवून मोबाइलवर लाइव्ह लावलं होतं, तेव्हापासून ग्रहांचंच शिकायचं ठरवलंय. पप्पा ओझरला नोकरीला आहेत, ते म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर, इस्रोत तेच चालतं. परवा एका सेमिनारमध्ये ऑनलाइन स्पेस सायन्स डिप्लोमा सांगितला, 45 हजार फी, ‘पुढे इस्रोत चान्स’ पण म्हणाले. घेऊ का? आणि मॅथ्स सोडलं तर चालेल का, फार जड जातंय.

आधी पैशाचं बोलू. नको भरूस. मी तुझ्याएवढी असताना असाच एक सर्टिफिकेट कोर्स केला होता, 18 हजार आईने भिशीतून काढून दिले होते, आणि मिळालं काय तर ग्रहांची रंगीत चित्रं असलेली एक फाइल आणि एक मेडल. पुढे कुठल्याच ॲडमिशनला ते सर्टिफिकेट कोणी बघितलं नाही. इस्रो भरती करते ती स्वतःच्या जाहिरातीतून, कुठल्या क्लासवाल्याच्या ओळखीने नाही.

पप्पांचं म्हणशील तर अर्धं बरोबर आहे. इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनिअरच्या मोठ्या भरतीत बहुतेक जागा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटरच्या बीई-बीटेकवाल्यांना असतात आणि 65 टक्के तरी लागतात. म्हणजे यान बनवायचं, उडवायचं, उतरवायचं असेल तर पप्पांचं ऐक. पण उतरल्यावर तिथली माती काय सांगते हे वाचणारी माणसं वेगळी असतात आणि तुझ्या पत्रावरून मला वाटतंय तुला ते दुसरं काम हवंय.

एक उदाहरण देते. चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरवर, म्हणजे चंद्रावर फिरलेल्या छोट्या गाडीवर, एपीएक्सएस नावाचं छोटं यंत्र होतं, अहमदाबादच्या पीआरएलने म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने बनवलेलं. रोव्हर थांबला की हे यंत्र मातीजवळ खाली यायचं, त्यातल्या किरणोत्सर्गी क्युरियममुळे मातीतून एक्स-रे निघायचे, आणि प्रत्येक मूलद्रव्याचे एक्स-रे वेगळे असल्यामुळे मातीत ॲल्युमिनियम किती, लोह किती ते कळायचं. साधारण 103 मीटरच्या वाटेवर 23 वेळा असं मोजलं. निघालं काय तर तिथली माती फेरोअन ॲनॉर्थोसाइट जातीच्या खडकाशी जुळते. आता यात विशेष काय? तर चंद्र नवा होता तेव्हा त्यावर वितळलेल्या दगडाचा समुद्र होता असं मानतात, तो निवताना हलकी खनिजं वर तरंगली, दुधावर साय येते ना तशी, आणि ही माती त्या सायीचीच. ऑगस्ट 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात हे छापून आलं. आता बघ, यंत्र बांधायला इंजिनिअर लागले, पण ॲनॉर्थोसाइट म्हणजे काय आणि तो वर का तरंगतो हे कळायला फिजिक्स, केमिस्ट्री आणि जिऑलॉजी लागली.

म्हणून बारावीनंतर ‘प्लॅनेटरी सायन्स’ नावाची डिग्री शोधत बसू नकोस, आपल्याकडे या विषयाची खरी सुरुवात बहुतेक वेळा एमएस्सी नाहीतर पीएचडीलाच होते. त्याआधी फिजिक्स, केमिस्ट्री किंवा जिऑलॉजी यातलं एक पक्कं कर. रस्ते बरेच आहेत. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये चांगला रँक आला तर तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी, म्हणजे अंतराळ विज्ञानाचं कॉलेज, 2007 साली सुरू झालेलं, अंतराळ विभागाचंच आहे, तिथे इंजिनिअरिंग फिजिक्सचा ड्युअल डिग्री कोर्स आहे, पप्पाही खूश तूही खूश. आयआयटी इंदूरला स्पेस सायन्सचं बीटेक निघालंय, आयआयटी कानपूरलाही ग्रह-अवकाशाचा स्वतंत्र विभाग झालाय. पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था हवी असेल तर त्यांची आयएटी परीक्षा दे. आणि यातलं काहीच नाही जमलं तर रडायचं नाही, नाशिकमध्येच बीएस्सी कर, मन लावून कर, मग आयआयटी जॅम देऊन एमएस्सीला बाहेर पड. माझ्या मते हा रस्ता उगाच कमी लेखला जातो. घरचं जेवण, फी कमी, आणि तीन वर्षं स्वतःला ओळखायला मिळतात.

मॅथ्स मात्र सोडायचं नाही. जड जातंय म्हणतेस तर बायो सोड, क्लासच बदल हवा तर, पण मॅथ्स ठेव. यावर मी वाद घालणार नाही.

ताई, माझा मुलगा एसवाय बीएस्सी फिजिक्सला आहे, नाशिकरोडला राहतो आम्ही. पीएचडी करेन म्हणतो. म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत आम्हीच पोसायचं का? स्पष्ट विचारतो, राग मानू नका.

राग कसला, प्रश्न रास्त आहे. एमएस्सीपर्यंत खर्च तुमचा, पुढे नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली किंवा पीआरएल, पुण्याची खगोलशास्त्राची आयुका अशा संस्थेत पीएचडीला घेतलं की फेलोशिप चालू होते, 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37 हजार आणि नंतर 42 हजार, वर घरभाडं नाहीतर हॉस्टेल. पैसे कधीकधी उशिरा येतात हे पण सांगून ठेवते. आता अवघड भाग: पीएचडीनंतर कायमची नोकरी लगेच मिळत नाही, दोन-चार वर्षं पोस्टडॉक म्हणजे तात्पुरती संशोधनाची नोकरी करत गावोगाव किंवा देशोदेशी फिरावं लागतं, आणि जागा मोजक्या असतात. म्हणून त्याला आत्तापासून पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा नीट शिकू द्या, डेटा हाताळणारा माणूस उपाशी राहत नाही. आणि एक करा, 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास त्याला घेऊन खोडदला जा. आपल्या पुणे हायवेवरचं नारायणगाव, तिथून आत वळायचं. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, त्या दिवसांत लोकांसाठी उघडं असतं. तिथे काम करणाऱ्या मुलांशी तुम्ही स्वतः बोला, मुलाला बोलू देऊ नका, तो फक्त दुर्बिणीचं विचारेल.

मी सिन्नरची, टीवायला जिऑलॉजी आहे. फिजिक्सवाले म्हणतात स्पेस आमचं, तुम्ही दगड फोडा. जिऑलॉजीवाल्यांना ग्रहांमध्ये खरंच जागा आहे का?

अगं त्यांना सांग, ग्रह दगडाचेच असतात! निदान पाय ठेवता येतो असे तरी. आणि तू तर सिन्नरची, गारगोटी म्युझियम तुझ्या गावात. तिथे काचेआड जी पांढरी-हिरवी स्फटिकं ठेवलीत त्यातली कितीतरी आपल्याच बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या काळ्या दगडाच्या, पोकळ्यांत तयार झालेली. पांडवलेणीच्या वाटेवर एखादा तुटलेला काळा दगड हँड लेन्सने बघ, बारीक भोकं दिसतील, लाव्हा निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले ती, आणि काही भोकांत साबुदाण्यासारखं पांढरं भरलेलं दिसेल, ते बहुतेक झिओलाइट नावाचं खनिज. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून नंतर पाणी फिरलं त्याची ती खूण. आता गंमत अशी की मंगळावरही झिओलाइट गटातली खनिजं यानांनी वरून ओळखली आहेत, म्हणजे तिथेही कधीतरी बेसॉल्टमधून पाणी फिरलं. चंद्रावरचे ते काळे डाग आहेत ना, तेही बेसॉल्टच. आपण इथे बेसॉल्टवरच घरं बांधून राहतो म्हणून किंमत नाही.

आणि लोणार तर आहेच. अंदाजे 1.8 किलोमीटर रुंद, बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं, असं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर फार विरळा, म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. त्याच्या वयावरून केवढा घोळ आहे बघ, एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं निघालं, 2011 साली दगडातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने 5 लाख 70 हजार. दहापट फरक! तुझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मी सांगू शकत नाही.

पुढचं म्हणशील तर जॅमला जिऑलॉजीचा पेपर असतो, गेटलाही जिऑलॉजी-जिओफिजिक्स आहे, आणि पीआरएलच्या ग्रहविज्ञान विभागात जिऑलॉजीची एमएस्सी झालेली मुलं पीएचडी करतात. तोवर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिक, फुकट आहे. चांद्रयान-2 चे फोटो इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर नाव नोंदवून घेता येतात, त्यातला एक तुकडा घे आणि विवरं मोज, खरंच एक-एक करून मोज. जास्त विवरं म्हणजे जुना भाग, कमी म्हणजे नवा, याच मोजणीवर चंद्राच्या जमिनीची वयं काढतात. पहिल्या दिवशी डोळे दुखतील. तिसऱ्या दिवशी सावलीवरून खड्डा कुठला आणि टेकाड कुठलं ते कळायला लागेल.

लोणारला जाशील तेव्हा उन्हाळा टाळ, पाण्याची बाटली घे, आणि दगड उचलून बॅगेत टाकू नकोस, ते अभयारण्य आहे. नमुने हवेत तर कॉलेजकडून रीतसर परवानगीचं पत्र काढ, आमच्या बॅचने नव्हतं काढलं आणि गोळा केलेली सगळी पोती गेटवरच रिकामी करून यावं लागलं होतं.