सोळा म्हणजे दोनदा आठ

१९३०च्या कॅडिलॅक व्ही-१६चं बॉनेट उघडल्यावर सोळा सिलिंडरांचा आकडा बघून दबकू नकोस. एकाच क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर) बसवलेली ही दोन सरळ आठ-सिलिंडर इंजिनं आहेत असं समज. प्रत्येक बाजूचा कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा) वेगळा, ठिणगीसाठी वीज चढवणारी कॉइलही वेगळी. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचे, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या स्विचचे, दोन संच. त्यांचं टायमिंग एकमेकांशी जुळलं नाही तर गाडी चालते, पण ती मखमल जाते. म्हणून आधी एकेक बाजू लाव, मग दोन्ही जुळव. दोन बाजूंमधला कोन ४५ अंशांचा, कारण क्रँकशाफ्टचे दोन फेरे म्हणजे ७२० अंश, आणि ७२० भागिले १६ म्हणजे ४५: दर ४५ अंशांना एक ठिणगी. (इंजिनाचा रचनाकार ओवेन नॅकरचं डोकं, दुसरं काय!) व्हॉल्व्हची टकटक हायड्रॉलिक यंत्रणा गिळते, पण तिला तेल स्वच्छच लागतं. काटकसर करायचीच तर दुसरीकडे कर.