गुरुजींविषयी लिहिताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेला तुझ्या आजोबांवरच्या, म्हणजे आमच्या गुरुजींवरच्या, स्मृतिलेखाचा मसुदा मिळाला. मसुदा मी तीनदा वाचला. त्यात चूक अशी एकही नाही. जन्म, शिक्षण, पहिली नेमणूक, बदल्या, मुख्याध्यापकपद, सेवानिवृत्ती, पुरस्कार, सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आणि सत्त्याण्णवाव्या वर्षी झोपेतच आलेला शांत मृत्यू, असे सगळे क्रमाने आले आहे. तरीही वाचून संपल्यावर मला त्यात गुरुजी भेटले नाहीत. हे तुला स्पष्ट लिहितो, कारण तू मला स्पष्ट विचारले आहेस, आणि एकदा स्मरणिका छापून झाली की दुरुस्तीला वाव राहत नाही.

फार मोठे आयुष्य लाभलेल्या माणसाविषयी लिहिताना एक अडचण हमखास येते. ज्यांनी त्याला तिशीत आणि चाळिशीत पाहिले ते बहुतेक त्याच्या आधीच निघून गेलेले असतात, आणि उरलेल्यांना आठवतो तो ओटीवर आरामखुर्चीत बसलेला, ऐकू कमी येणारा, सर्वांवर सारखीच माया करणारा म्हातारा. तू आजोबांना तसेच पाहिलेस, त्यात तुझा दोष नाही. पण त्या शेवटच्या वीस वर्षांचा रंग आधीच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांना लागला की ‘ऋषितुल्य’, ‘देवमाणूस’, ‘निःस्वार्थी’ असे शब्द आपोआप येऊ लागतात. तुझ्या चार पानांत ‘ऋषितुल्य’ तीन वेळा आला आहे. तो तिन्ही ठिकाणी काढ आणि तिथे गुरुजींनी त्या दिवशी काय केले ते लिही.

आपल्या दापोली तालुक्यात दीर्घायुषी शिक्षकाचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांचे चरित्र गुरुजींनी आम्हांला पाठ्यपुस्तकातून कधीच शिकवले नाही. आषाढात पाऊस धरून बसला आणि कौलांच्या आवाजात फळ्यावरचे शिकवणे ऐकू येईनासे झाले, की ते नकाशा टांगत, आम्हांला पुढे बोलावून जवळ बसवत आणि मुरुडपासून कुंभार्ली घाटातून साताऱ्यापर्यंत बोट फिरवत. सरकारी परीक्षेला बसता यावे म्हणून अण्णा कर्वे कोवळ्या वयात या वाटेने भर पावसात चालत गेले, आणि तिथे पोचल्यावर ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. “एकशे दहा मैल म्हणजे किती किलोमीटर?” गुरुजी विचारत. आम्ही पाटीवर गणित करून १७७ म्हणत असू. मग ते म्हणत, “आणि परत येताना?” या दुसऱ्या प्रश्नावर वर्ग गप्प होत असे. नापास झालेल्या मुलाला गुरुजींनी कधी उपदेश केल्याचे मला आठवत नाही, ते त्याच्याकडे पाहून एवढेच विचारत, “साताऱ्याहून परत निघालास का?” हा प्रसंग तुझ्या लेखात नाही. तुझ्या बाबांना विचार, त्यांच्या वर्गातही हा नकाशा निघाला असणारच.

कर्व्यांच्याच उदाहरणावरून आणखी एक गोष्ट सांगतो. त्यांचा जन्म १८५८ चा आणि मृत्यू १९६२ चा, म्हणजे एकशे चार वर्षांचे आयुष्य. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ, एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवास, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ, आणि शंभराव्या वर्षी भारतरत्न. अशी यादी वाचून माणूस थक्क होतो, पण थक्क झालेल्या वाचकाला जवळीक वाटत नाही. जवळीक वाटते ती पुण्याजवळच्या हिंगण्याच्या वाटेमुळे. १८९१ ते १९१४ एवढा काळ ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. १९०० साली आश्रम हिंगण्याला रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर, एका साध्या झोपडीत गेला, तेव्हा तिथपर्यंत धड रस्ता नव्हता. दिवसभर महाविद्यालयात शिकवायचे, संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला जायचे, तिथल्या मुलींना शिकवायचे, त्यांचे हवे-नको पाहायचे, आणि पुन्हा पुण्यातल्या कामावर हजर व्हायचे. शिक्षकाचे मोठेपण मोजायचे तर मी ते त्या रोजच्या पायपिटीने मोजीन; १९५८ साली त्यांच्या हयातीतच निघालेल्या टपाल तिकिटाने नव्हे.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. तुझ्या लेखात ‘आजीची त्यांना मोलाची साथ लाभली’ असे एकच वाक्य आजीविषयी आहे. आपल्याकडच्या बहुतेक गौरवग्रंथांत हेच वाक्य असते आणि मला त्याचा राग येतो. पहिल्या पत्नी राधाबाई वारल्यानंतर कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत्या. मुरुडने त्या दोघांवर बहिष्कार टाकला, सख्ख्या भावाच्या घरालाही धाक घातला. हे सर्वांना माहीत असते. पण पुढे काय झाले ते लग्नानंतर आनंदीबाई झालेल्या गोदूबाईंनी, म्हणजे बायांनी, ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मकथनात सांगितले, म्हणून आपल्याला कळते. ज्या विधवांसाठी आश्रम निघाला त्यांच्यापैकीच एक असूनही, पुनर्विवाहित म्हणून त्यांना सुरुवातीच्या काळात आश्रमापासून दूर राहावे लागले. अण्णा मिळवलेला पैसा संस्थेला देत, विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी संस्थेच्या नावे केली, आणि मुलांचे कसे निभायचे हा प्रश्न बायांच्या पदरात राहिला. त्या रागावल्या, बोलल्या, आणि तरीही उभ्या राहिल्या. अण्णांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे. ते आणि बायांचे पुस्तक शेजारी ठेवून वाच, म्हणजे एकाच घराला दोन दारे असतात हे तुला दिसेल. बायांच्या तक्रारीने अण्णा लहान होत नाहीत. उलट ती वाचल्यावरच ते माणूस म्हणून आपल्या ओळखीचे होतात.

मुलांचेही तसेच. थोरले रघुनाथराव संततिनियमनाच्या प्रचारासाठी नोकरी गमावून, खटले सोसून १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले आणि १९५३ साली गेले, तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते. त्याआधी तीनच वर्षे बाया गेल्या होत्या. शतायुषी माणसाचे अभिनंदन करताना आपण हे विसरतो की त्याला आपल्या माणसांना पोचवून परत यावे लागते. गुरुजींनीही आजी गेल्यावर सहा वर्षे काढली. त्या सहा वर्षांविषयी तुझ्याइतके कोणालाच माहीत नाही, कारण तेव्हा घरात तू होतीस. ते लिही.

आजीविषयी मला एक प्रसंग सांगायचा आहे. गुरुजींच्या अमृतमहोत्सवी सत्काराला मी पंचवीस मिनिटे बोललो होतो, तारखा आणि विशेषणे यांनी भरलेले भाषण. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. घरी परतल्यावर आजींनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “एवढे बोललास, पण आमच्याकडे तुम्हांला जेवायला काय असायचे ते नाही बोललास.” मी वरमलो. सातवीच्या वर्षी आम्ही पाच-सहा मुले संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर अभ्यासाला बसत असू, आणि खाडीपलीकडची आम्ही तिघे रात्री तिथेच जेवत असू. कुळथाचे पिठले आणि भात. श्रावणात कधी अळूचे फदफदे. गुरुजींचा पगार किती आणि त्यातून घरी किती उरत असेल याचा विचार आमच्या मनात आला नाही. आजी मात्र दररोज किती पाने जास्त वाढली त्याच्या रेघा स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या अंगाला कोळशाने ओढून ठेवीत. महिनाअखेरीस वाण्याकडच्या उधारीचा ताळा त्या रेघांवरून लागे. गुरुजींना त्या दाखवताना त्यांना मी एकदाच पाहिले. गुरुजी बराच वेळ दाराजवळ उभे होते. मग त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि शेवटच्या रेघेपुढे आणखी एक रेघ स्वतः ओढली. दुसऱ्या दिवशीपासून चौथा मुलगा जेवायला आला.

तुझ्या बाबांनीही मला एकदा मोकळेपणाने सांगितले होते, की त्यांना तापाने घेरले होते त्या रात्री गुरुजी शिष्यवृत्तीच्या मुलांना घेऊन दापोलीला मुक्कामी होते आणि ते दुःख पुष्कळ वर्षे त्यांच्या मनात राहिले. ते तू त्यांना विचारल्याशिवाय छापू नकोस. पण विचार जरूर. विचारताना वही-पेन घेऊन समोर बसू नकोस. त्यांच्याबरोबर बागेत शिंपणे करायला जा, म्हणजे ते बोलतील. सांगून झाल्यावर ‘हे घालू का’ असे विचार, आणि ते नाही म्हणाले तर तो प्रसंग तुझ्यापाशीच राहू दे.

लेख सनावळीने सुरू करू नकोस. जन्मतारीख, नेमणुका आणि पुरस्कार स्मरणिकेच्या मलपृष्ठावर एका चौकटीत देता येतील, तिथे त्या शोभतील. माझ्याकडे गुरुजींची सोळा पत्रे आहेत, त्यांतली चार तुला उपयोगी पडतील. पुढच्या आठवड्यात माझा पुतण्या तुमच्याकडे येणार आहे, त्याच्याबरोबर ती पाठवतो.

गणपतीआधी घर रंगवायला काढणार असे तू लिहिले आहेस. दाराच्या त्या रेघांवर आजवर दोनदा तरी रंग चढला असेल, परंतु वरच्या कडीजवळ, जिथे कुंचला पोचत नाही, तिथे काही अजून दिसतात. मी दिवसांना आलो होतो तेव्हा पाहिल्या. रंगारी येण्यापूर्वी तेवढ्या जागेचा फोटो काढून ठेव.

तुझा,
आजोबांचा जुना विद्यार्थी