प्रश्नावली वाटण्याआधी

विद्यार्थ्यांचं आरोग्य आणि जीवनसमाधान यांचा संबंध, हा विषय चांगला निवडलायस, पण ‘आरोग्य’ असा एकच रकाना ठेवू नकोस. शरीराचं वेगळं मोज, मनाचं वेगळं. जीवनसमाधानासाठी मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ ची मोजपट्टी पुरे: पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, बेरीज ५ ते ३५, बरोबर मध्यावर २०.

मी पहिल्यांदा अशी प्रश्नावली परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाटली. झोपेच्या रकान्यात एकाने लिहिलं, ‘कसली झोप?’ हसू आलं, पण मग लक्षात आलं की मी समाधान नव्हे, परीक्षेचा ताण मोजत होतो. सगळं परत करावं लागलं.

आणि एकदाच माहिती गोळा करणार असशील तर ‘व्यायामामुळे समाधान वाढतं’ असं लिहू नकोस. मन ताळ्यावर असलेलाच पहाटे धावायला जात असेल! झोपेचं तर दोन्हीकडून चालतं: झोप मोडली की चिडचिड, मनात घोर असला की झोप मोडते. ‘संबंध दिसला’ एवढंच म्हण. सहा महिन्यांनी त्याच मुलांकडे पुन्हा जाता आलं तर सोन्याहून पिवळं.

प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर समुपदेशकाचा नंबर छाप. नावं नसतात, त्यामुळे खचलेलं उत्तर कुणाचं हे नंतर शोधता येत नाही.