माझ्या बायकोचे पणजोबा नॉर्वेहून मिनेसोटात आले होते. आडनाव अँडरसन. आडनावावरून नॉर्वेतलं मूळ घराणं शोधता येईल का? कोणत्या साइटचे पैसे भरावेत?

आडनावावरून? नाही. आणि पैसे इतक्यात कुठेच भरू नका.

खरं तर एवढ्यावर उत्तर संपायला हवं. पण 'आडनाव' आणि 'घराणं' एकाच वाक्यात वाचलं आणि राहवलं नाही. मीही मिनेसोटातल्या अशाच एका घरची सून आहे, सासर ऑल्सन. याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या चुलत सासऱ्यांचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी नावाचं बघा. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडलांचं, मग गावावरून पडलेलं 'कर'. नॉर्वेच्या खेड्यांतही मांडणी बरीचशी अशीच होती, फक्त तिसरा भाग गावाचा नाही, शेताचा. लार्सचा मुलगा ओले असेल तर तो ओले लार्सन. त्याची बहीण अन्ने लार्सदात्तर. ओलेला मुलगा झाला हान्स, तर तो हान्स ओल्सेन. पिढी बदलली की हे नाव बदललं. वर हान्स 'बाक्के' नावाच्या शेतावर राहत असेल तर हान्स ओल्सेन बाक्के. उद्या लग्न करून 'हाउगेन'वर राहायला गेला की हान्स ओल्सेन हाउगेन. माणूस तोच. आपल्या लोकांनी गाव सोडलं तरी 'कर' बरोबर नेलं, यांनी शेत सोडलं की नावही तिथेच ठेवलं. प्रत्येकाने कायमचं आडनाव लावायचं हा कायदा नॉर्वेत आला १९२३ साली. तोवर तुमच्या बायकोचे पणजोबा बहुधा इकडे येऊन स्थिरावलेही होते. इथे आल्यावर एका भावाने बापाचं नाव धरलं, दुसऱ्याने शेताचं. सख्खे भाऊ, आडनावं दोन, आणि आज त्यांची नातवंडं एकाच चर्चच्या जेवणात शेजारी बसून लुटेफिस्क (त्यांचा सणासुदीचा मासा) खातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. तेव्हा 'अँडरसन'वरून तुम्हाला कळतं ते इतकंच की वर कुठेतरी एक अँडर्स होता.

शोधायचं असतं ते ठिकाण: पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, आणि पॅरिशमधलं शेत. सोबत पूर्ण जन्मतारीख. या तीन गोष्टी हाताला लागल्या की बाकीचं काम नॉर्वेच्या पाद्र्यांनी करून ठेवलेलं आहे.

आता आमच्याकडचं रामायण. चुलत सासरे रिटायर झालेले, हौशी, आणि स्वतःला घराण्याचे बखरकार समजणारे. त्यांच्या बेसमेंटमध्ये 'ऑल्सन घराण्याचं मानचिन्ह' फ्रेम करून लावलंय. ढाल, सिंह, सगळं. मॉलमधल्या दुकानातून आणलेलं. ऑल्सन नावाचं एक घराणंच नव्हतं तर त्याची ढाल कुठून येणार, हे मी पहिल्यांदा बोलले तेव्हाच ठिणगी पडली. त्यांचे दावे दोन. एक, आपण मूळचे ओस्लोचे, जमीनजुमला असलेले. दोन, खरं आडनाव भारदस्त होतं, ते एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावरच्या, कारकुनाने छाटून 'ऑल्सन' केलं.

दुसरा दावा निकालात काढायला काहीच लागत नाही. यांचे आजोबा आले १८८१ साली आणि एलिस आयलंड उघडलं १८९२ ला. त्याआधी न्यूयॉर्कला उतरणारे कॅसल गार्डन या जुन्या नाक्यावरून जायचे. आणि एलिस आयलंडवरही कारकून नावं लिहीत नव्हते, बोट निघाली तिथे कंपनीने केलेल्या यादीशी ताडून बघत होते. ही कारकुनाची कथा इथल्या दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळते. तुमच्या सासरीही असणार.

पहिल्या दाव्याला मात्र पुरावा होता: इंग्रजी पेपरातलं आजोबांचं मृत्यूवृत्त, त्यात 'जन्म क्रिस्तियानिया, नॉर्वे'. क्रिस्तियानिया म्हणजे आजचं ओस्लो. त्यावर विसंबून काकांनी (म्हणजे याच चुलत सासऱ्यांनी) ओस्लोत माणूस लावून शोध घेतला, अर्थातच काही मिळालं नाही. मिळणार कसं? पूर्व नॉर्वेच्या खोऱ्यांतले लोक बोटीत बसायचे ते क्रिस्तियानियाला. नातवंडांना लक्षात राहिलं बंदर, पेपरवाल्याला सांगितलं तेच.

मी काय केलं, तर ज्या चर्चमध्ये आजोबांची मूठमाती झाली त्या जुन्या नॉर्वेजियन लुथरन मंडळीची दफननोंद काढली. हे नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. अमेरिकेतली नॉर्वेजियन चर्चं पहिल्या महायुद्धापर्यंत सर्रास नॉर्वेजियनमध्ये दप्तर ठेवायची, आणि तो पाद्री स्वतः तिकडचा असल्यामुळे त्याला 'नॉर्वे' एवढं लिहून चैन पडत नसे. आमच्या नोंदीत जन्मतारीख होती आणि पुढे 'स्लिद्रे, वाल्द्रेस'. ओस्लोपासून दूर, डोंगरातलं खोरं. या चर्चच्या नोंदींचे स्कॅन अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर आहेत आणि तिथे पैसे पडतात हे खरं, पण तुमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत जाऊन विचारा. बऱ्याच लायब्रऱ्यांत ते फुकट बघता येतं.

तिथून पुढे सगळं डिजिटलआर्किवेटवर. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची साइट, पूर्ण फुकट, इंग्रजीतही चालते. स्लिद्रेचं चर्चबुक, म्हणजे पाद्र्याची नोंदवही, उघडलं, १८६० चा एप्रिल, आणि तारीख जुळली. बाप्तिस्म्याच्या रकान्यांत मुलाचं नाव, आईबापांची नावं, बापाचा धंदा, राहण्याचं ठिकाण आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या धर्ममायबापांची नावं असतात. ही शेवटची नावं कधी सोडू नका. तिथे मामा, आत्या, काका दडलेले असतात, आणि प्रत्येकाच्या पुढे शेताचं नाव.

मग १८७५ ची कन्फर्मेशनची नोंद, म्हणजे वयात येताना चर्चमध्ये होणाऱ्या धर्मदीक्षेची. पोरगा पंधराचा. पाद्रीबुवांनी धर्मज्ञानाला शेरा दिलाय 'बरं', वर्तणुकीला 'चांगली'. शेजारच्या रकान्यात देवीची लस कधी टोचली त्याची तारीख, कारण लस टोचल्याशिवाय कन्फर्मेशन नाही आणि कन्फर्मेशनशिवाय लग्न नाही, असा तिकडचा कारभार १८१० पासून. दीडशे वर्षांपूर्वीच्या डोंगराळ खेड्यातल्या पोराच्या दंडावर लस कधी टोचली हे मला ठाऊक आहे. माझ्या स्वतःच्या आजीची जन्मतारीख मात्र आमच्याकडे कोणाला सांगता येत नाही.

आणि मग १८६५ ची जनगणना. इथे खरा स्फोट झाला. बापाच्या पुढे धंदा लिहिलाय: 'हुसमान', जमीन असलेला. ही जमीन मालकीची नव्हे. मोठ्या शेताच्या कडेला एक खोपटं, तुकडाभर जमीन, आणि बदल्यात मालक बोलावेल तेव्हा त्याच्याकडे राबायचं. १८६५ च्या जनगणनेत माणसांबरोबर जनावरं आणि पेरणीही मोजलीय. आमच्या मंडळींकडे एक गाय, चार मेंढ्या, तीन शेळ्या, थोडा सातू आणि बटाटे. घोड्याचा रकाना रिकामा.

हे मी कुटुंबाच्या उन्हाळी मेळाव्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. चुलत सासऱ्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी एक मुद्दा काढला, तो बिनतोड वाटावा असाच होता: जन्म १८६० चा, तर १८६५ साली मुलगा पाचचा हवा, इथे सहा लिहिलंय, म्हणजे हा दुसराच कोणीतरी. तर ऐका. १८६५ ला पुरी झालेली वर्षं विचारलीच नव्हती, चालू वर्ष धरून वय लिहायचं होतं. ३१ डिसेंबर १८६५ ला एप्रिल १८६० चं मूल सहाव्या वर्षात. सहाच हवं. उलट पाच असतं तर मला शंका आली असती. (१८७५ ला त्यांनी सरळ जन्मवर्ष विचारलं, तिथे ही भानगड नाही.) यावर काका म्हणाले, "आमच्या घराण्यातलं तुला काय कळणार?" आजोबा त्यांचे, भाषा त्यांच्या आजोबांची, आणि त्या गॉथिक वळणाच्या अक्षरातली एक ओळ त्यांना लागत नाही. वाचतेय मी, शनिवार पेठेतून आलेली. असो.

मला कळत नाही की हुसमान असण्यात लाज कसली. नॉर्वेची वस्ती १८०१ ला पावणेनऊ लाखांच्या वर होती, १८६५ ला सतरा लाख. पिकाऊ जमीन देशाच्या जेमतेम तीन टक्के, आणि शेत अखंड थोरल्याकडे जायचं. धाकटे आणि हुसमानांची पोरं जाणार कुठे? इकडे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसायला येणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळत होती. जमीनजुमला असलेला माणूस बोटीच्या सगळ्यात स्वस्त वर्गात कशाला बसेल? जे आले त्यांतल्या फार मोठ्या भागाकडे तिकडे काही नव्हतं, आणि ज्याला हे पटत नाही त्याने वंशावळ शोधूच नये. मॉलमधून ढाल आणावी आणि गप्प बसावं.

तुमच्या कामाचं थोडं राहिलं. चर्चबुकात गाव सोडून गेलेल्यांची वेगळी यादी असते, तिथे 'अमेरिका' लिहिलेलं दिसेल. क्रिस्तियानियाच्या पोलिसांनी १८६७ पासून परदेशी जाणाऱ्यांच्या वह्या ठेवल्या, बर्गनच्या १८७४ पासून. नाव, वय, राहतं ठिकाण, जायचं ठिकाण. पणजोबा त्याआधी आले असतील तर या वह्या नाहीत, आणि न्यूयॉर्कच्या याद्यांतही वेळ घालवू नका, कारण १८५० ते ६५ च्या सुमाराला बहुतेक शिडाची जहाजं थेट क्वेबेकला जायची. नंतरचे असतील तर इंग्लंडच्या हल बंदरात उतरून, रेल्वेने लिव्हरपूल, तिथून मोठी बोट. म्हणजे एका प्रवासाच्या दोन याद्या.

नावानिशी जनगणना १८०१, १८६५, १८७५, १८९१, १९००, १९१० आणि १९२० च्या. १९१० ला पूर्ण जन्मतारीख आहे, मागे राहिलेली भावंडं शोधायला तीच बरी. अक्षर लागत नसेल तर ओलुफ रिगच्या 'नोर्स्के गोर्दनावने'मधून त्या पॅरिशच्या शेतांची नावं समोर ठेवून वाचा, निम्मं कोडं सुटतं. शेत सापडलं की त्या भागाचं 'बिग्देबुक' बघा, म्हणजे शेतागणिक पिढ्या लिहिलेला ग्रंथ. ग्रँड फोर्क्सच्या नॉर्थ डकोटा विद्यापीठात त्यांचा मोठा संग्रह आहे. विस्कॉन्सिनला मॅडिसनमध्ये नॉर्वेजियन-अमेरिकन वंशशोधाचं केंद्र आहे, अडलात तर तिथे जा. पैसे भरायचेच असतील तर तिथे भरा.

आणि हो, काकांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. एकाच शेतावर एकाच नावाचे दोघे असणं अगदी शक्य असतं. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव द्यायची पद्धत होती, त्यामुळे बाप्तिस्मा सापडला म्हणून नाचू नका, मृत्यूच्या नोंदीही तपासा. आमच्या बाबतीत दफन, बाप्तिस्मा आणि कन्फर्मेशन या तिन्हीत जन्मतारीख एकच आहे, म्हणून मी ठाम आहे. ऑनलाइन तयार वंशावळी मिळतात त्यांतल्या पुष्कळशा एकमेकांवरून उतरवलेल्या असतात. मूळ पानाचा स्कॅन बघितल्याशिवाय एक नावही घेऊ नका. आणि लग्नाआधीचं मूल अशी नोंद निघाली तर दचकू नका, पाद्री ते स्वच्छ लिहायचे.

पणजोबांचं दफन कुठल्या चर्चमध्ये झालं ते बायकोला विचारा आणि इथे लिहा. नॉर्वेजियन अक्षराचं पान मिळालं तर फोटो टाका, वाचून देते. तुमच्या सासऱ्यांना मात्र सगळे कागद हातात येईपर्यंत काही सांगू नका.